सर्वांच्या हाती खडू

शाळेतल्या फळ्याचा एक स्वभाव आहे. त्यावर लिहिण्याचा अधिकार एकट्या मास्तरांचा, आणि पुसण्याचाही त्यांचाच. मुलांनी वाचावे आणि उतरवून घ्यावे. फळ्यावरचे काही चुकले आहे असे एखाद्या चौकस मुलाच्या ध्यानात आले, तरी उठून खडू हाती घेण्याची रीत नाही. शिवाय एकदा फडके फिरले की आधी काय लिहिले होते ह्याचा मागमूसही उरत नाही. आता समजा, असा एक फळा मिळाला की ज्यावर वर्गातल्या कुणीही लिहावे, दुसऱ्याचे चुकले असेल तर कुणीही पुसून दुरुस्त करावे, आणि तरीही आजवर लिहिलेली व पुसलेली एकूण एक ओळ फळ्यामागच्या कपाटात तारीखवार जपून राहावी! अशा फळ्यावर ज्ञान साठेल, की नुसता गोंधळ माजेल?

हा प्रश्न मास्तरांच्या खोलीतल्या गप्पांचा नव्हे. असा फळा जगात खरोखरीच अस्तित्वात आहे, आणि घरातली मुले मोबाईलवर बोट फिरवून रोज त्याच्याकडे पाहत असतात. त्याचे नाव विकी. ह्या विकीची जन्मकथा मोठी वाचनीय आहे. ती नीट समजली म्हणजे तो वापरायचा कसा, त्यात लिहायचे कसे, आणि आपला स्वतःचा एखादा मांडायचा कसा, हेही आपोआप उलगडत जाते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन राज्यात पोर्टलंड नावाचे शहर आहे. तेथील वॉर्ड कनिंगहॅम हे संगणकाचे प्रोग्रॅम रचणारे गृहस्थ. आपल्या धंद्यातील अनुभव, युक्त्या आणि नमुने चारचौघांनी एकत्र मांडावेत असे त्यांच्या मनात होते. परंतु प्रत्येकाने आपले टिपण पाठवायचे, ते कुणीतरी तपासायचे, मग ते इंटरनेटवर चढवायचे, ह्या उठाठेवीत उत्साह विरून जातो. म्हणून २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी असे एक संकेतस्थळ उघडले की ज्याच्या प्रत्येक पानावरच ते पान बदलण्याची सोय होती. वाचता वाचता वाटले की लिहावे, आणि लिहिलेले त्या क्षणी सर्वांना दिसावे.

नाव काय ठेवावे? होनोलुलूच्या विमानतळावर पूर्वी त्यांना कुणीतरी सांगितले होते की, पुढच्या इमारतीकडे जायचे तर ‘विकी विकी’ बस पकडा. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे लवकर; दोनदा म्हटले की फारच लवकर. आपल्याकडे नाही का आपण ‘भरभर’, ‘पटपट’ म्हणतो, तसेच हे. कनिंगहॅम यांना तो शब्द आठवला आणि त्यांनी आपल्या स्थळाचे नाव ‘विकीविकीवेब’ असे ठेवले. पुढे त्यातले एकच ‘विकी’ जगाच्या तोंडी बसले.

त्यांच्या रचनेत आणखी एक खुबी होती. लिहिताना एखाद्या विषयाचे नाव ठरावीक रीतीने लिहिले की त्या विषयाच्या पानाकडे जाणारी वाट आपोआप तयार होई. ते पान अजून कुणी लिहिलेलेच नसेल, तर तेथे प्रश्नचिन्ह दिसे. त्यावर बोट ठेवले की कोरे पान पुढे येई. म्हणजे जे ठाऊक आहे त्याच्या शेजारीच जे अद्याप लिहायचे आहे त्याची जागा राखून ठेवलेली! आजच्या विकिपीडियात हे न लिहिलेले विषय लाल अक्षरांत दिसतात. पोक्त सुगरण वाणसामानाच्या यादीत संपलेल्या जिनसांवर खूण करून ठेवते, त्यातलाच हा प्रकार.

पुष्कळांनी मिळून ज्ञानाचा ग्रंथ रचावा ही कल्पना मात्र १९९५ सालची नव्हे. ऑक्सफर्डच्या जगप्रसिद्ध इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जनतेला आवाहन केले होते: पुस्तके वाचा, शब्द आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, ग्रंथाचे नाव लिहा आणि आम्हांकडे पाठवा. चिठ्ठ्यांचे ढीग येऊ लागले. मरे यांचे टपाल इतके वाढले की त्यांच्या ऑक्सफर्डच्या घरासमोर टपालखात्याने एक खास पेटी बसविली. हे मरे स्वतः चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळा सोडलेले. कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. तो पाहायला मरे हयात नव्हते, ते १९१५ सालीच गेले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिठ्ठी कुणीही पाठवावी, परंतु ती कोशात घ्यायची की नाही हे ठरविणारे संपादक. दारावर द्वारपाल होताच.

आपल्याकडेही हेच झाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतलेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मराठीला दिले. सरकारी खजिना पाठीशी नसताना, कंपनी काढून, लोकांच्या गळी भाग उतरवून त्यांनी हे काम तडीस नेले. त्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली वाईस मराठी विश्वकोशाचा संसार उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आणि विसावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. ह्या कामांपुढे आपण नमस्कारच करावा. परंतु छापील कोशाची एक अडचण कुणालाच टाळता आली नाही. ‘ज्ञ’चा लेख छापून होईपर्यंत ‘अ’चा लेख जुना होतो, आणि वाचकाला चूक दिसली तरी ती सुधारायला पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते.

आता द्वारपाल फारच कडक असला म्हणजे काय होते, त्याचा दाखला पाहा. २००० साली जिमी वेल्स ह्यांनी इंटरनेटवर ‘न्युपीडिया’ नावाचा मोफत ज्ञानकोश काढला. लॅरी सँगर हे त्याचे मुख्य संपादक. लेख तज्ज्ञांचा असावा, संपादक शक्यतो डॉक्टरेट मिळविलेला असावा, आणि प्रत्येक लेख सात पायऱ्यांच्या तपासणीतून उतरावा, असा दंडक होता. हेतू उत्तम, पण फळ काय? पहिल्या वर्षात दोन डझन लेखांच्या पलीकडे गाडी गेली नाही. जानेवारी २००१ मध्ये सँगर ह्यांना एका स्नेह्याने जेवताना विकीची गोष्ट सांगितली. न्युपीडियासाठी कच्चे लेख तयार करायला ही पडवी बरी, असे त्यांना वाटले, आणि १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. पडवीत इतकी माणसे जमली की वाडाच ओस पडला! वर्षअखेरीस विकिपीडियात सुमारे वीस हजार लेख झाले. न्युपीडिया २००३ साली बंद पडला. एकट्या इंग्रजी विकिपीडियाने २०२० साली साठ लाख लेखांचा टप्पा ओलांडला. इकडे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने २०१२ साली जाहीर केले की आपण ह्यापुढे छापील खंड काढणार नाही.

माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला ह्यात गंमत वाटणे साहजिक आहे. विकीच्या दारात पदवी विचारीत नाहीत. पण म्हणून तेथे काहीही चालते असे मात्र कुणी समजू नये. पदवीऐवजी तेथे दुसरेच काही विचारतात: “हे कशावरून?” तुम्ही प्राध्यापक असा की पानपट्टीवाले, जे लिहाल त्याला छापील, विश्वसनीय आधार द्या. नाही दिला तर वाक्याच्या शेपटाला ‘संदर्भ हवा’ असा शेरा बसतो.

आता कपाटाकडे वळू. कारण विकीचे सारे बळ त्या कपाटात आहे. ते समजण्यासाठी आपल्याच वाङ्मयातले एक जुने उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यानंतर तीनशे वर्षे ती हस्तलिखितांतून हिंडत राहिली. नकलणारांच्या हातून अक्षरे सुटली. काहींनी भक्तीच्या भरात आपल्या ओव्याही मध्ये घातल्या. वाईट हेतूने नव्हे. पण नव्या प्रतीत मूळ कोणते आणि भर कोणती ह्याची खूण नव्हती. अखेर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथमहाराजांनी अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात मिसळू नये अशी ताकीद दिली. नाथांसारखा समर्थ पुरुष लाभला म्हणून ते साधले. प्रत्येक ग्रंथाला असा नाथ कोठून मिळणार?

विकीने ह्या दुखण्यावर यंत्राचा उपाय काढला. पहिल्या विकीत कुठले पान नुकतेच बदलले ह्याची यादी असे. जुनी प्रत पूर्णपणे जपण्याची सोय पुढच्या विकींत पक्की झाली. आज विकिपीडियाच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘इतिहास’ असा शब्द दिसतो. त्यावर टिचकी मारा. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता कोणता शब्द घातला आणि कोणता काढला, ह्याची संपूर्ण जंत्री समोर येते. कुणी व्रात्य पोराने रात्री बाराला सगळे पान पुसून शिव्या लिहिल्या, तर बारा वाजून एक मिनिटाने दुसरा कुणी जुनी प्रत जशीच्या तशी परत आणू शकतो. बिघडवायला जितके श्रम लागतात, त्यापेक्षा सुधारायला कमी लागतात. सर्वांच्या हाती खडू देण्याचे धाडस परवडते ते ह्या एका गोष्टीमुळे.

म्हणून नवख्या वाचकाला मी पहिली सूचना ही करीन: विकीतला लेख वाचलात की त्याचा इतिहास आणि ‘चर्चा’ हे पान उघडल्याशिवाय उठू नका. भांडण कोठे आहे, कोणती गोष्ट वादाची आहे, हे तेथे कळते. कारण ह्या फळ्यावर चुका होतात, आणि त्या कधी कधी फार दुखवितात. २००५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील वयोवृद्ध पत्रकार जॉन सिगेंथालर ह्यांच्या पानावर कुणीतरी लिहून ठेवले की केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा एके काळी संशय होता. निव्वळ खोटे! ते चार महिने तसेच राहिले. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने नियम केला की खाते न उघडणाऱ्याला नवा लेख सुरू करता येणार नाही. उलट बाजूचीही चूक झाली. कॅनडातील पदार्थवैज्ञानिक डोना स्ट्रिकलंड ह्यांच्यावरचा लेख, पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून, २०१८ च्या मे महिन्यात नाकारला गेला. त्याच ऑक्टोबरात त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. द्वारपाल नसला तरी चूक, आणि असला तरी चूक! तरीही २००५ साली ‘नेचर’ ह्या विज्ञान-नियतकालिकाने ४२ विषयांवरचे लेख तज्ज्ञांकडून ताडून घेतले, तेव्हा ब्रिटानिकाच्या लेखात सरासरी तीन आणि विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार चुका निघाल्या. ब्रिटानिकाने ती तपासणी मान्य केली नाही, हेही नमूद करायला हवे.

आता लिहायचे कसे ते पाहू. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. वसंत पंचमी आणि औदुंबर ही कविता, हे त्यावरचे अगदी पहिले लेख. तेथे गेलात की शब्द पाहून मन प्रसन्न होते. सर्वांनी जमून बोलायच्या जागेचे नाव ‘चावडी’, आणि नवशिक्याने हात बसविण्यासाठी जे पान ठेवले आहे त्याचे नाव ‘धूळपाटी’! पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मुले काडीने अक्षरे गिरवीत. चुकले की हात फिरवावा, पुन्हा लिहावे. ही धूळपाटीही तशीच आहे. तेथे काहीही लिहून पाहा. कुणी रागावणार नाही.

हात बसला की खाते उघडा. पहिल्याच दिवशी मोठा लेख लिहायला बसू नका. आपल्या गावाच्या पानावर नदीचे नाव चुकले आहे, तालुका बदलला आहे, ऱ्हस्व-दीर्घ बिघडले आहे, एवढेच सुधारा. ‘संपादन’ ह्या शब्दावर टिचकी मारली की मजकूर हाती येतो. बदल करा, जतन करण्यापूर्वी झलक पाहा, आणि काय बदलले ते खालच्या सारांशाच्या रकान्यात एका ओळीत लिहा. ही एक ओळ लिहिण्याचा कंटाळा करू नये. दुसऱ्याच्या लेखनावर हात फिरवताना कारण सांगणे ही साधी माणुसकी आहे. ज्या पानांची काळजी वाटते ती आपल्या पहाऱ्याच्या सूचीत घाला, म्हणजे त्यांत कुणी बदल केला की तुम्हांला कळेल.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, आपल्या मताचा झेंडा लेखात रोवू नये. दोन बाजू असतील तर दोन्ही मांडाव्यात. आपल्याकडे कोणत्या गडावर कुणाच्या पूर्वजांनी पराक्रम केला ह्यावरून लोक हातघाईवर येतात. असे झाले तर एकमेकांचे पुसत बसण्यापेक्षा चर्चेच्या पानावर बसून आधार मांडावेत. दुसरे, कुणाच्या पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उचलू नये. विकिपीडियावरचे लेखन श्रेय देऊन कुणालाही वापरता येते, म्हणून परक्याची मालमत्ता तेथे दान करण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिसरे, स्वतःवर, स्वतःच्या घराण्यावर किंवा दुकानावर लेख लिहू नये. आपले कौतुक दुसऱ्याने करावे, हा नियम विकीच्या पुष्कळ आधीचा आहे.

“पण मास्तर,” कुणी म्हणेल, “आमच्या आजीला ठाऊक असलेली भाताची वाणे, गावच्या जत्रेतले मानकरी, जुन्या विहिरींची नावे, हे कोणत्या पुस्तकात छापले आहे? त्याला संदर्भ कोठून आणू?” शंका रास्त आहे. न छापलेली आठवण विकिपीडियात बसत नाही; ती त्याची मर्यादा आहे. अशा वेळी गावाने, शाळेने किंवा घराने आपला स्वतःचा विकी मांडावा. हे वाटते तितके अवघड नाही. विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो ती ‘मीडियाविकी’ कुणालाही विनामूल्य मिळते. तिला इंटरनेटवर भाड्याची जागा आणि माहिती साठविणारा डेटाबेस लागतो. लहान कामाला ‘डोकुविकी’ पुरतो. त्याला डेटाबेसही लागत नाही, पाने साध्या फायलींत राहतात. आणि एकट्यादुकट्याच्या टिपणांसाठी ‘टिडलीविकी’ आहे, जो सगळा मिळून एका फायलीत मावतो. कॉलेजात जाणारी घरची मुलगी किंवा मुलगा दोन दिवसांत हे मांडून देईल.

मात्र मांडणे सोपे, सांभाळणे कठीण. दार सताड उघडे ठेवलेत तर महिन्याभरात जाहिरातवाल्यांची यंत्रे तेथे कचरा ओतून जातील. म्हणून लिहिण्याचा हक्क ओळखीच्यांपुरता ठेवावा, वाचण्याचा वाटल्यास सर्वांना द्यावा. सगळ्या विकीची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या जागी काढून ठेवावी. पाने कोणती असावीत हे चार-दहा नावांत आधी ठरवावे आणि ती थोडी थोडी तरी भरून ठेवावीत. कोऱ्या फळ्यापुढे माणूस बुजतो, अर्धवट लिहिलेला पाहिला की सुधारायला धावतो. आणि रोज संध्याकाळी ‘अलीकडील बदल’ पाहणारे एक तरी माणूस असावे. कनिंगहॅम यांचा तो पहिला विकीसुद्धा उपद्रवामुळे २०१५ च्या सुमारास लिहिण्यासाठी बंद करावा लागला. तो आता केवळ वाचता येतो. झाडलोट करणारे हात कमी पडले की देवळातही कोळिष्टके होतात.

आता मूळ मुद्दा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारांची संख्या आठ कोटींच्या वर भरली. मराठी विकिपीडियात लेख सुमारे एक लाख, आणि त्यांतले पुष्कळसे चार ओळींचे. तमिळमध्ये दीड लाखांहून अधिक आहेत. नियमाने लिहिणारी मराठी माणसे फार थोडी. मुलांना मात्र आज काही अडले की ती मोबाईल उघडतात, आणि मराठीत सापडले नाही की इंग्रजीकडे वळतात. त्यांचा त्यात दोष नाही. वर्गात मी मुलांना सांगतो की मराठीत वाचा. पण तेथे पान लालच असेल तर त्यांनी वाचावे काय?

केतकरांच्या काळी ज्ञानकोश काढायचा तर कंपनी काढावी लागे, छापखाना लागे, वर्गणीदार लागत. हे सारे आज नको आहे. खडू हाती दिलेला आहे. दिवाळीच्या सुटीत घरात चार पिढ्या एकत्र येतात. फराळ झाल्यावर आजोबांना विचारावे, गावच्या पानावरचे बरोबर आहे का. आत्याने कपाटातले जुने ग्रामवृत्त किंवा गॅझेटियर शोधून द्यावे. धाकट्याने टंकावे आणि खाली सारांशाची ती एक ओळ लिहावी. पहिल्या दिवशी एखादा काना-मात्रा सुधारला तरी चालेल. तो कुणी सुधारला, हे त्या पानाच्या इतिहासात कायम राहील.